एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स : वाटणी आधी कागदावर करा

विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. घरगुती वापरासाठी मुदतवाढीची नोंदणी केलेल्यांनाही ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मिळतात. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. २०१७ च्या आधी घेतलेली बहुतेक यंत्रे या अटीत बसत नाहीत. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत अशी यंत्रे जागोजागी कामाला आहेत : ग्रामपंचायतीच्या टेबलावर, तालुक्याच्या सेवा केंद्रात, एमएस-सीआयटीच्या वर्गात, पॉलिटेक्निकला जाणाऱ्या मुलीच्या दप्तरात. ती चांगली चालतात, त्यांत कित्येक वर्षांची कागदपत्रे आहेत, आणि ती बाजूला ठेवून नवीन घेणे सगळ्यांना परवडत नाही.

यावरचा एक खात्रीचा मार्ग म्हणजे त्याच हार्ड डिस्कचे भाग पाडून विंडोजच्या शेजारी लिनक्स ही दुसरी प्रणाली बसवणे. इंटरनेट, अभ्यास, पत्रव्यवहार, हिशेब ही रोजची कामे अद्ययावत लिनक्सवर करायची आणि विंडोजवाचून अडणाऱ्या कामापुरते विंडोज सुरू करायचे. यंत्र सुरू होताना पडद्यावर यादी येते, त्यातून हवी ती प्रणाली निवडायची.

हे काम अवघड नाही, पण त्याचा क्रम मोडता येत नाही. काही पायऱ्या उलट फिरवता येतात, काही येत नाहीत. नागपुरात बसलेल्या माणसाचे काही बिघडले तर तो संध्याकाळपर्यंत दुकान गाठतो. सिरोंचा गडचिरोलीपासून दोनशे किलोमीटरच्या घरात आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. म्हणून आपल्या भागातल्या माणसाने सगळी तयारी आधी करावी आणि डिस्कला हात सर्वांत शेवटी लावावा. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

तुम्हाला याची गरज आहे का?

टॅली, जुन्या मराठी फॉन्टची श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअरे, बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रांचे ड्रायव्हर ही बहुतेक विंडोजसाठीच बनलेली आहेत. ज्यांचे काम यांच्यावर चालते त्यांनी विंडोज काढून टाकू नये. पण त्यांनाही सुरक्षित इंटरनेट हवे असेल, किंवा प्रोग्रॅमिंग शिकायचे असेल, तर दोन प्रणाली शेजारी ठेवणे योग्य ठरते. गोंडवाना विद्यापीठाच्या महाविद्यालयांत किंवा चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला लिनक्स कधी ना कधी शिकावेच लागते. ४ जीबी रॅमच्या जुन्या यंत्रावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती विंडोजपेक्षा हलकी चालते, हा आणखी एक फायदा.

काही जणांनी मात्र हा मार्ग घेऊ नये. लिनक्स फक्त पाहायचे असेल तर ते पेनड्राइव्हवरून थेट चालते आणि डिस्कवर काहीही न लिहिता बंद करता येते. रॅम ८ जीबी किंवा जास्त असेल तर व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर विंडोजच्या आतच दुसरी प्रणाली चालवते. तिथे वाटणी करावीच लागत नाही. डेस्कटॉप असेल आणि आत दुसरी डिस्क लावायला जागा असेल तर छोटी एसएसडी घेऊन लिनक्स तिच्यावर टाकणे सर्वांत सुरक्षित. ज्या एकाच यंत्रावर सेवा केंद्राची रोजची कमाई चालते त्यावर पहिला प्रयोग करू नका. कार्यालयाचे यंत्र असेल तर वरिष्ठांची परवानगी घेतल्याशिवाय त्याला हात लावू नका.

डिस्कचे भाग म्हणजे नेमके काय

वनविभागाच्या नकाशावर जंगल कक्षांमध्ये विभागलेले असते. प्रत्येक कक्षाला क्रमांक असतो, हद्द असते. जमीन मात्र सलगच असते. डिस्कवरचे पार्टिशन टेबल हा तसाच एक नकाशा आहे. कोणता भाग कोठे सुरू होतो, कोठे संपतो आणि तो कशासाठी आहे, एवढेच त्यात नोंदलेले असते. यातून दोन गोष्टी निघतात. नकाशातली नोंद चुकून खोडली गेली तरी आतली माहिती लगेच नष्ट होत नाही. त्या क्षणी थांबलात तर ती बहुधा परत मिळते. पण चुकीच्या हद्दीत नवे काही लिहिले गेले की त्याखालचे जुने कायमचे गेले.

हा नकाशा दोन पद्धतींनी लिहिला जातो. जुनी पद्धत एमबीआर. तिच्यात मुख्य भाग चारच करता येतात. जास्त हवे असतील तर चौथ्याच्या जागी विस्तारित भाग करून त्याच्या पोटात उपभाग करावे लागतात. शिवाय नेहमीच्या डिस्कवर तिला सुमारे २ टीबीच्या पुढची जागा दिसत नाही. नवी पद्धत जीपीटी. तिच्यात विंडोजवर १२८ भागांपर्यंत सोय असते आणि नकाशाची एक प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवलेली असते. यंत्र सुरू करणारे फर्मवेअरही दोन प्रकारचे : जुने बायोस, ज्याला लेगसी म्हणतात, आणि नवे यूईएफआय. विंडोज लेगसीमध्ये एमबीआरबरोबर चालते आणि यूईएफआयमध्ये जीपीटीबरोबर. लिनक्सही त्याच पद्धतीने बसवायचे, हा पहिला नियम. विंडोज एका पद्धतीने आणि लिनक्स दुसऱ्या पद्धतीने बसवले तर सुरुवातीच्या यादीतून एकातून दुसऱ्यात जाता येत नाही.

पहिला दिवस : यंत्राची माहिती कागदावर

कागद-पेन घ्या. विंडोजच्या शोधपट्टीत सिस्टम इन्फर्मेशन उघडा आणि बायोस मोडपुढे यूईएफआय आहे की लेगसी ते लिहा. रॅम किती आहे ते लिहा. मग डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे डिस्कचे सगळे भाग डावीकडून उजवीकडे दिसतात. प्रत्येकाचे आकारमान, नाव आणि अक्षर क्रमाने लिहून काढा. शक्य तर मोबाईलने त्या पडद्याचा फोटोही काढून ठेवा.

ही नोंद पुढे फार कामाला येते, कारण सी, डी, ई ही अक्षरे लिनक्समध्ये दिसत नाहीत. तिथे डिस्क एसडीए किंवा एनव्हीएमई अशा नावाने येते आणि भागांना नुसते क्रमांक असतात. कोणता भाग कोणता, हे फक्त आकारमानावरून आणि तुम्ही दिलेल्या नावावरून ओळखावे लागते. म्हणून आताच प्रत्येक भागाला वेगळे नाव द्या : विंडोज, कागदपत्रे, फोटो असे काहीही.

यूईएफआय यंत्रावर सुमारे १०० ते २६० एमबीचा एक छोटा भाग दिसेल. त्यावर ईएफआय असे लिहिलेले असते. यंत्र सुरू करणारे प्रोग्रॅम त्यात असतात. तो पुसायचा नाही, फॉरमॅट करायचा नाही. रिकव्हरी नावाच्या भागालाही हात लावायचा नाही.

डिस्कची प्रकृतीही पाहा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्क ठीक आहे की धोक्याकडे चालली आहे ते सांगते. धोक्याचा इशारा आला तर वाटणीचा विचार सोडा, आधी नवी डिस्क घ्या. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा उन्हात वर्षानुवर्षे चाललेल्या फिरत्या हार्ड डिस्कची तपासणी टाळू नये.

दुसरा दिवस : बॅकअप

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून तिथली ग्रामसभा आपला बांबू स्वतः विकू लागली. त्यानंतर दोन्ही जिल्ह्यांतल्या अनेक ग्रामसभांनी हा मार्ग धरला. बांबू-तेंदूचे हिशेब, मजुरीची पत्रके, दाव्यांची कागदपत्रे आणि हद्दीचे नकाशे असे किती तरी दस्तऐवज आज संगणकात असतात. अशी फाईल गेली तर एका माणसाचे नव्हे, सगळ्या गावाचे नुकसान होते. म्हणून बॅकअपविषयी थोडीही ढिलाई नको.

महत्त्वाच्या फाईलींच्या दोन प्रती करा. एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या संगणकावर. प्रत झाली म्हणजे बॅकअप झाला असे समजू नका. दुसऱ्या यंत्रावर जाऊन त्यातल्या चार-सहा फाईली उघडून पाहा. लिनक्स बसवताना बाहेरची डिस्क यंत्रातून काढून ठेवा, म्हणजे चुकून ती निवडली जाण्याची शक्यताच उरत नाही.

फाईलींबरोबर आणखी काही गोष्टी जपायच्या असतात. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचे क्रमांक कागदावर लिहा. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उतरवून घ्या. विंडोजमध्ये रिकव्हरी ड्राइव्ह तयार करण्याची सोय आहे. ३२ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लावून तोही करून ठेवा. विंडोज सुरूच झाले नाही तर हाच पेनड्राइव्ह उपयोगी पडतो.

बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते सेटिंग्जमध्ये पाहा. विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर ते अनेकदा आपल्या नकळत चालू असते. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर लिहा आणि मग एन्क्रिप्शन बंद करा. ते पूर्ण उलगडायला काही तास लागू शकतात. ही की जवळ नसताना बूटची व्यवस्था बदलली तर विंडोज ती मागते आणि स्वतःचाच डेटा आपल्याला उघडता येत नाही.

विंडोजची तयारी

पहिले काम फास्ट स्टार्टअप बंद करणे. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये त्याची खूण काढता येते. हे चालू असताना शट डाउन केले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते. तशा अवस्थेत लिनक्समधून त्याच भागावर लिहिले तर फाईली बिघडू शकतात. म्हणूनच लिनक्स असा भाग बहुधा फक्त वाचण्यापुरता उघडते.

दुसरे काम जागा मोकळी करणे. दुकानातून घेतलेल्या बऱ्याच यंत्रांवर आधीच सी, डी, ई असे भाग पाडलेले असतात. असे असेल तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे शेवटच्या भागातले सामान दुसरीकडे हलवणे, खात्री करून तो भाग डिस्क मॅनेजमेंटमधून डिलीट करणे आणि ती जागा तशीच मोकळी सोडणे. सी ला धक्काही लागत नाही.

एकच सी असेल तर त्यावर उजवी क्लिक करून श्रिंक व्हॉल्यूम निवडा. विंडोजचा भाग लहान करायचा तर विंडोजच्याच साधनाने करावा. आकडा एमबीमध्ये द्यायचा असतो : ६० जीबीसाठी ६१,४४०, १०० जीबीसाठी १,०२,४००. कधी कधी डिस्क निम्मी रिकामी असूनही विंडोज थोडीच जागा द्यायला तयार होते. हलवता न येणाऱ्या काही फाईली मध्ये बसलेल्या असतात, हे त्याचे कारण. अशा वेळी हायबरनेशन, पेजिंग फाईल आणि सिस्टम प्रोटेक्शन तात्पुरते बंद करा, यंत्र पुन्हा सुरू करा आणि परत प्रयत्न करा. जागा मिळाली की पेजिंग फाईल आणि सिस्टम प्रोटेक्शन पुन्हा चालू करा.

एमबीआर डिस्कवर चार मुख्य भाग आधीच असतील आणि तुम्ही पाचवा करायला गेलात, तर विंडोज डिस्क डायनॅमिक करू का, असे विचारते. इथे नाहीच म्हणा. डायनॅमिक डिस्कवर दुसरी प्रणाली बसवणे अवघड होऊन बसते.

वाटणीचा आराखडा

आता कागदावर नवी वाटणी आखा. डिस्कवर लिहिलेले आकारमान आणि विंडोज दाखवते ते वेगळे असते : २५६ जीबीची डिस्क सुमारे २३८, ५१२ ची सुमारे ४७६ आणि १ टीबीची सुमारे ९३१ दिसते. दिसणारा आकडा धरून चाला.

२५६ जीबीच्या एसएसडीवर विंडोजला ११०, लिनक्सला ५५ आणि उरलेली सुमारे ७० जीबी कागदपत्रांच्या सामाईक भागाला द्यावी. ५१२ वर विंडोज १५०, लिनक्स १०० आणि बाकी सामाईक. १ टीबीवर विंडोज २००, लिनक्स १००, पुढे दुसरे लिनक्स आजमावायचे असेल तर ५० राखून ठेवावे, उरलेले सामाईक. लिनक्सला २५ जीबीपेक्षा कमी जागा देऊ नका. अद्यतने आणि सॉफ्टवेअर वाढत जातात आणि वर्षभरात जागा अपुरी पडते.

सामाईक भाग हा या आराखड्याचा आधार आहे. तो एनटीएफएस पद्धतीचा ठेवा, म्हणजे दोन्ही प्रणालींना वाचता-लिहिता येतो. विद्यार्थ्याच्या नोट्स, ग्रामसभेचे हिशेब, नकाशे सगळे तिथे ठेवा. मग उद्या विंडोज बिघडले किंवा लिनक्स बदलावेसे वाटले तरी कागदपत्रे जागच्या जागी राहतात. हा भाग विंडोजमधूनच तयार करावा. त्यात कधी दोष आला तर दुरुस्तीही विंडोजच्या साधनानेच करावी.

आराखडा करताना घाई नको. भागाची उजवी बाजू कमी-जास्त करणे सोपे असते, पण डावी हद्द सरकवायची तर आतला सगळा डेटा उचलून पुढे-मागे न्यावा लागतो. त्याला कित्येक तास लागतात आणि मध्येच वीज गेली तर तो भाग हाती लागेलच असे नाही.

फाईल कुठे उतरवाल

नवशिक्याने लिनक्स मिंट किंवा उबुंटू घ्यावे. उबुंटूची २४.०४ ही आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये आली आणि तिला पाच वर्षांचा आधार आहे. मिंट २२ तिच्यावरच बेतलेले आहे आणि त्यालाही २०२९ पर्यंत अद्यतने मिळतील. सी-डॅकने भारतीय भाषांसाठी तयार केलेले बॉस लिनक्सही आहे. मिंटची फाईल सुमारे ३ जीबीची, उबुंटूची सुमारे ६ जीबीची आहे. एटापल्ली, कोरची, धानोऱ्यासारख्या ठिकाणी मोबाईलच्या नेटवर्कवर एवढे उतरवणे कष्टाचे. त्यापेक्षा गडचिरोली, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, बल्लारपूर इथे महाविद्यालयात किंवा ओळखीच्या ठिकाणी चांगले ब्रॉडबँड असेल तिथे एकदाच उतरवा आणि पेनड्राइव्हवर गावी आणा. उतरवलेली फाईल पूर्ण आणि शुद्ध आहे का हे संकेतस्थळावर दिलेल्या शा-२५६ या तपासणी क्रमांकाशी ताडून पाहा. वारंवार तुटणाऱ्या जोडणीवर फाईल अर्धवट राहण्याचा संभव असतो.

फाईल नुसती कॉपी करून चालत नाही. रूफस किंवा बलेनाएचर या मोफत साधनाने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती बूट होईल अशी लिहावी लागते. व्हेंटॉय हे साधन वापरले तर एकाच मोठ्या पेनड्राइव्हवर मिंट, उबुंटू आणि दुरुस्तीची साधने अशा अनेक फाईली ठेवता येतात. आपल्या भागासाठी मी व्हेंटॉयच सुचवेन, कारण अडचणीच्या वेळी नवे काही उतरवायला नेटवर्क मिळेलच असे नाही.

मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स, लिब्रेऑफिस आणि प्रोग्रॅमिंगचे पाठ मराठीतून मोफत मिळतात. तेही याच वेळी उतरवून घ्या.

प्रत्यक्ष बसवण्याचा दिवस

सकाळची वेळ निवडा. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली आणि चार्जर लावलेला असावा. डेस्कटॉप असेल तर यूपीएस असल्याशिवाय सुरुवात करू नका. वादळी पावसाच्या दिवशी हे काम काढू नका.

यंत्र सुरू करताना बूट मेनूची कळ दाबा : डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, एसरवर एफ१२. एसरमध्ये ती सोय आधी बायोसमधून चालू करावी लागते. पेनड्राइव्ह निवडा. यादीत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसला आणि तुमचे यंत्र यूईएफआयचे असेल तर यूईएफआय लिहिलेली नोंद निवडा. सिक्युअर बूट बंद करण्याची सहसा गरज नाही. उबुंटू आणि मिंट त्याच्यासह चालतात.

लिनक्स पेनड्राइव्हवरून सुरू झाले की लगेच बसवू नका. वायफाय, आवाज, टचपॅड, पडद्याचा उजेड, प्रिंटर सगळे तपासा. वायफाय चालले नाही तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा. त्याला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. डिस्कच दिसत नसेल तर बहुधा फर्मवेअरमध्ये ती इंटेलच्या रेड पद्धतीवर ठेवलेली असते. ती एएचसीआयवर आणावी लागते, पण त्याआधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी व्यवस्था करावी, नाहीतर विंडोज उघडत नाही. हे जमणार नाही असे वाटले तर इथेच थांबा आणि जाणकाराला गाठा. अजून डिस्कवर काहीही बदललेले नाही.

बसवताना विंडोजशेजारी बसवा असा पर्याय येतो. मोकळी जागा आधीच सोडलेली असेल तर तो बहुधा पुरेसा असतो. स्वतः भाग ठरवायचे असतील तर स्वहस्ते वाटणीचा पर्याय घ्या. मोकळ्या जागेवर नवा भाग करा, पद्धत ईएक्सटी४ आणि माउंटची जागा एक तिरकी रेघ, म्हणजे मूळ. आधीचा ईएफआय भाग निवडा, पण त्याच्यापुढची फॉरमॅटची खूण काढलेली आहे याची खात्री करा. स्वॅपसाठी वेगळा भाग करण्याची आता गरज नसते, प्रणाली स्वॅपची फाईल स्वतः बनवते. संपूर्ण डिस्क पुसा, हा पर्याय चुकूनही निवडू नका.

शेवटी बदलांची यादी पडद्यावर येते. ती तुमच्या कागदाशी ओळीओळीने ताडून पाहा. कोणता भाग फॉरमॅट होणार आहे, त्याचे आकारमान काय आहे, हे मोठ्याने वाचा. जुळले तरच पुढे जा. या बटनानंतर मागे फिरता येत नाही.

बसवल्यानंतरची कामे

सुरुवातीच्या यादीत विंडोज दिसले नाही तर घाबरू नका, ते डिस्कवरच असते. ही यादी दाखवणाऱ्या ग्रब या बूटलोडरच्या नव्या आवृत्त्यांमध्ये दुसऱ्या प्रणाली शोधण्याची सोय मुळात बंद ठेवलेली असू शकते. ग्रबच्या सेटिंग फाईलमध्ये ती चालू करून टर्मिनलमधून यादी नव्याने बनवली की विंडोज दिसू लागते.

विंडोजचे घड्याळ साडेपाच तासांनी चुकायला लागेल. यंत्रातल्या घड्याळाची वेळ विंडोज स्थानिक मानते आणि लिनक्स जागतिक मानते. आपल्या वेळेचा फरक ५ तास ३० मिनिटांचा आहे. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितले की प्रश्न सुटतो. हे लगेच करा, कारण तारीख-वेळ चुकली की बँकेची आणि सरकारी संकेतस्थळे उघडायला अडतात.

लिनक्समध्ये मराठी इनस्क्रिप्ट कळफलक जोडा. सिरोंचाकडच्या वाचकांना तेलुगूही त्याच यंत्रावर जोडता येईल. गोंडी लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक सोय आहे : मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली, आणि नोटो फॉन्टसंचात दोन्ही लिपींचे फॉन्ट मोफत मिळतात. श्रीलिपीत टंकलेला जुना मजकूर मात्र युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय लिनक्सवर नीट दिसणार नाही. तोपर्यंत तो विंडोजमध्येच उघडा.

तिसरी प्रणाली हवी असेल तर

क्रम नेहमी विंडोज आधी, लिनक्स नंतर असाच ठेवा. विंडोज नंतर बसवले तर ते स्वतःलाच पहिला क्रमांक देते. दोन लिनक्स ठेवायचे असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र मूळ भाग द्या, ईएफआय भाग एकच पुरतो. मात्र मिंट आणि उबुंटू ईएफआय भागात एकाच नावाचे फोल्डर वापरतात, त्यामुळे नंतर बसवलेले आधीच्याची जागा घेते. दुसरे लिनक्स वेगळ्या कुळातले, उदाहरणार्थ फेडोरा, घेतले तर हा घोळ होत नाही. वापरकर्त्याच्या फाईली आणि सेटिंग्ज ज्यात राहतात तो होम भाग दोन्ही लिनक्सना एकच देऊ नका, सेटिंग्ज एकमेकांवर चढतात. सामाईक भाग त्यासाठीच ठेवला आहे.

बिघडले तर, आणि काढायचे असेल तर

विंडोजच्या मोठ्या अद्यतनानंतर यंत्र थेट विंडोजमध्ये उघडू लागले तर फर्मवेअरमध्ये जाऊन क्रम बदला, लिनक्स पहिले आणा. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अद्यतनानंतर अनेकांचे लिनक्स सिक्युअर बूटमुळे सुरूच होईना. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्स उघडता येत होते. अशा वेळी डिस्क पुसून पुन्हा सगळे बसवण्याची घाई करू नका. बहुतेक बिघाड सुरुवातीच्या व्यवस्थेतले असतात, डेटा शाबूत असतो. व्हेंटॉयच्या पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा आणि आधी फाईली बाहेर काढा.

एखादा भाग चुकून डिलीट झाला तर त्या डिस्कवर काहीही लिहू नका. टेस्टडिस्क हे मोफत साधन हरवलेल्या हद्दी शोधून नकाशा पुन्हा उभा करू शकते. त्यातून नाही जमले तर फोटोरेक एकेक फाईल वेचून काढते, पण फाईलींची नावे परत मिळत नाहीत.

लिनक्स काढायचे असेल तर आधी फर्मवेअरमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला करा आणि विंडोज उघडते ना ते पाहा. लेगसी यंत्रावर रिकव्हरी पेनड्राइव्हने विंडोजचा बूट कोड परत लिहून घ्या. त्यानंतरच डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचा भाग डिलीट करा. हा क्रम उलटा केला तर पडद्यावर ग्रब रेस्क्यू हे शब्द येतात आणि यंत्र तिथेच अडकते.

शेवटची विनंती

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत संगणक जाणणारी मुले-मुली आता गावोगावी आहेत. प्रत्येक महाविद्यालयाने, वाचनालयाने किंवा मोठ्या ग्रामसभेने एक पेनड्राइव्ह भरून ठेवावा : मिंट, उबुंटू, दुरुस्तीची साधने आणि मराठी पाठ. तो मागेल त्याला द्यावा आणि पहिल्यांदा वाटणी करणाऱ्याच्या शेजारी एक जाणता माणूस बसावा. एवढे झाले तर टाकाऊ ठरवलेली कित्येक यंत्रे आणखी काही वर्षे सुरक्षितपणे काम देतील. तुम्ही स्वतः सुरुवात करणार असाल तर एकच गोष्ट आवर्जून सांगतो : ज्या दिवशी तुमच्या फाईलींचा तपासून पाहिलेला बॅकअप हातात नसेल, त्या दिवशी वाटणी करू नका.